माथेरान आणि चाक



आपल्या मोहोपाड्यातून संध्याकाळी ईशान्येकडे पाहिले, म्हणजे प्रबळगडाची सपाट पाठ दिसते, तिच्या शेजारी इर्शाळचा सुळका दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर या दोघांच्या मागे माथेरानचा लांबलचक डोंगर पसरलेला दिसतो. त्या डोंगरात आणि आपल्यात मुंबई-पुण्याचा जुना रस्ता आहे, नवा द्रुतगती मार्ग आहे, आगगाडीचे रूळ आहेत. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना झाल्यापासून आपल्या भागात कारखानदारी वाढली आणि मालमोटारींचा आवाज आपल्या कानांना इतका सवयीचा झाला, की तो थांबला तरच आपल्याला जाग यावी! अशा या चाकांच्या मुलुखात एक डोंगर असा आहे, की ज्याच्या माथ्यावर मोटारीला मज्जाव आहे. ही बंदी कशी आली, ती कोणी निभावली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असे मी योजले आहे. मोटारी आता रस्ता सोडून माळावर, पुळणीवर आणि डोंगराच्या सोंडेवर धावू लागल्या आहेत. सार्वजनिक भूमीवर त्यांना कोठे अडवावे हा वाद जगभर चालू आहे, आणि या वादातला एक दाखला आपल्या शेजारीच आहे.

प्रथम चाकाकडे पाहू. खालापूर तालुक्याचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशी चाकाला वाट करून देण्याचाच इतिहास होय. त्यापूर्वी बोरघाटातून माल जाई तो बैलांच्या पाठीवरून. १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्लीने लष्कराच्या सोयीसाठी घाटाची वाट सुधारली. पुढे १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी घाट गाड्यांसाठी खुला केला, आणि कोकणातून देशावर चाक सुखाने चढू लागले. १८५६ साली आगगाडी खोपोलीस आली, १८६३ साली ती घाट चढून गेली. २००२ च्या सुमारास द्रुतगती मार्ग पुरा झाला. आता गंमत पाहा. या द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, तीनचाकीला बंदी आहे, बैलगाडीला आणि पायी चालणाऱ्याला तर आहेच आहे. त्याबद्दल कोणी फारशी हाकाटी केली नाही. मोटारीच्या सोयीसाठी पायांना बंदी घातलेली आपल्याला चालते, पण पायांच्या सोयीसाठी मोटारीला बंदी घातली, की मात्र स्वातंत्र्याचा प्रश्न उभा राहतो.

माथेरानची हकीकत सुरू होते ती आपल्या चौक गावापासून. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकास मुक्काम टाकून होते. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. एका संध्याकाळी फिरता फिरता ते ओढ्याच्या घळीतून वर चढत गेले आणि ज्याला आज आपण वन ट्री हिल म्हणतो त्या टोकाशी पोचले. पुढे गावच्या माणसाला बरोबर घेऊन त्यांनी माथा पाहिला आणि रामबागेच्या बाजूने खाली उतरले. हवा त्यांना मानवली. त्यांनी पुन्हा येऊन झोपडी बांधली, मग घर बांधले. पुस्तकांत यालाच माथेरानचा 'शोध' म्हणतात. शोध हा शब्द मोठा सोयीचा आहे. कारण त्या रानात ठाकूर, कातकरी आणि धनगर राहतच होते, आणि साहेबाला वाट दाखवणाऱ्याला ती आधीच ठाऊक होती, नाही तर त्याने दाखवली कशी असती?

मॅलेटसाहेबांमागून गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले. हे आपल्याला पेशवाईच्या अखेरीमुळे माहीत असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नव्हेत, त्यांचे पुतणे. त्यांनी चौकाहून रामबागेपर्यंत वाट करविली आणि माथ्यावर बंगल्यासाठी जागा निवडली. चौकाचे भाग्य उजळायचे ते मात्र राहून गेले; कारण आगगाडी नेरळवरून गेली, मुंबईकर मंडळी नेरळला उतरू लागली, आणि माथेरानचा दरवाजा दक्षिणेकडून उत्तरेकडे फिरला. तसे झाले नसते तर आज मोटारींची रांग आपल्याच दारात लागली असती.

नेरळहून वर जायचे कसे? श्रीमंताने तट्टावर बसावे किंवा पालखीत बसावे, आणि त्याचे सामान हमालाने डोक्यावरून न्यावे. माथ्यावरच्या वाटा या पायांच्या आणि टापांच्या मापानेच आखल्या गेल्या. झाडाला वळसा घालून जाणारी, कड्याशी थबकणारी, दोन तट्टे शेजारून गेली तर एकाने बाजूला व्हावे अशी ती वाट. या वाटांनी मोटार येण्यापूर्वीच मोटारीविरुद्ध आपला निकाल दिलेला होता.

एक चाक मात्र वर गेले. मुंबईचे पीरभॉय घराणे धनाढ्य. त्यातील अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळ ते माथेरान अशी दोन फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी बांधली. ती १९०७ च्या मार्चमध्ये सुरू झाली. सुमारे वीस किलोमीटरांची ही वाट डोंगराला वेटोळे घालीत, वळणावळणाने चढते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तिचे रूळ वाहून गेले. ती २००७ साली पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने तिचा नेरळकडचा भाग पुन्हा बंद पडला, तो २०२२ च्या ऑक्टोबरात उघडला. माथेरानकरांनी या गाडीवर जीव लावला आहे. रुळावरचे चाक आपली मर्यादा सोडीत नाही. जेवढी जमीन त्याला दिली तेवढीच ते घेते. मोटारीचे तसे नाही. तिला आज एक हात दिला की उद्या ती चार हात मागते, वळायला जागा मागते, उभे राहायला जागा मागते, आणि जागा मिळाली नाही तर झाडाच्या मुळावर चढून उभी राहते.

परंतु मोटारीच्या बंदीकडे येण्यापूर्वी आणखी एका बंदीचा उल्लेख केला पाहिजे. या डोंगरांत सरकारची 'येथे यावयाचे नाही' ही पाटी प्रथम मोटारवाल्यासाठी लागलेली नाही. १८७८ च्या जंगल कायद्याने रान राखीव झाले, आणि ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्याला झाडाच्या फांद्या तोडून राब करण्यावर, गुरे चारण्यावर, सरपण आणण्यावर बंधने आली. राबाशिवाय भाताचे रोप कसे करायचे, हा प्रश्न घेऊन लोकांनी इतकी ओरड केली, की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते रान वापरले, त्यांच्या बैलाला आणि कोयत्याला अशी बंदी झाली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. डोंगर वाचविण्याच्या नावाने घातलेले बंधन प्रथम कोणाच्या पाठीवर पडले, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

माथेरानातही दोन माथेराने होती. एक बंगल्यांचे, दुसरे त्या बंगल्यांत पाणी भरणाऱ्यांचे, घोडे सांभाळणाऱ्यांचे, हमालांचे आणि न्हाव्यांचे. हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल, या दुसऱ्या माथेरानात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात जन्मले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पडले. त्यांच्याविषयी स्वतंत्र व्याख्यानच व्हायला हवे.

आता मोटारीकडे वळू. पूर्वीच्या मोटारीला सडक लागे; सडक संपली की मोटार संपली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जीप घडविली आणि ही अट मोडली. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाल्यामुळे तिला चिखल, वाळू, चढ यांचे भय उरले नाही. युद्ध संपले आणि १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जोडून द्यायला आरंभ केला. मामलेदार, डॉक्टर, धरणावरचा इंजिनियर यांना या जीपने खेड्यापर्यंत नेले. तिचे ते उपकार नाकारता येणार नाहीत. पण कामासाठी सडक सोडणे निराळे आणि मौजेसाठी सोडणे निराळे. आजची मोटार तीच ताकद घेऊन येते आणि पुष्कळदा तिला जायचे कोठेच नसते. चढण चढली हेच तिचे काम.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते पावसाळ्यात कळते. माथेरानच्या माथ्यावर जांभा दगड आणि त्याच्यावर तांबड्या मातीचा पातळ थर आहे. त्या मातीला झाडाच्या मुळांनी आणि पाचोळ्याने धरून ठेवलेले असते. जड चाक फिरले की माती दबते, तिच्यातली हवा जाते, पाणी मुरायचे थांबते. मग मृगाचा पाऊस चाकोरीतून वाहू लागतो. पहिल्या वर्षी बोटभर खोल असलेली चाकोरी चार पावसाळ्यांत घळ होते, घळीच्या काठचे झाड कलंडते, आणि ती माती शेवटी खालच्या कोणाच्या तरी शेतात किंवा विहिरीत येऊन बसते. माथेरानला कोकणाच्याही मानाने पाऊस फार. अशा जागी चाकोरी म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रणच.

पाऊस नसलेल्या देशातही ही जखम लवकर भरत नाही. १९४२ साली जनरल पॅटनच्या हुकमाखाली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रणगाड्यांचे शिक्षण झाले. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या अनेक दशकांनंतरही त्या भूमीवर वाचता येत होत्या. त्याच अमेरिकेत पुढे हौशी मोटारसायकली आणि जीपगाड्यांनी सरकारी माळराने उकरायला सुरुवात केली, तेव्हा १९७२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन यांना हुकूम काढावा लागला. सरकारी जमिनीवर अशा गाड्यांना कोठे मुभा आणि कोठे मनाई, हे प्रत्येक खात्याने ठरवावे, आणि ठरविताना माती, पाणी व वनस्पती यांची हानी कमीत कमी होईल असे पाहावे, असा त्याचा आशय होता. १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी त्याला दात दिले. फार नुकसान होत असेल तेथे तत्काळ बंदी करण्याचा अधिकार खात्यांना मिळाला. मोटारीला देव मानणाऱ्या देशाला जे करावे लागले, ते आपल्याला करायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

माथेरानची बंदी लेखी आणि पक्की झाली ती ४ फेब्रुवारी २००३ रोजी. केंद्र सरकारने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. आपल्या खालापूर, कर्जत आणि पनवेल तालुक्यांचा काही भाग त्यात येतो. माथेरान नगरपालिकेच्या हद्दीत रुग्णवाहिका आणि आगीचा बंब यांखेरीज वाहन चालवावयाचे नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणून मोटार दस्तुरी नाक्याशी थांबते. तेथून पुढे बाजारपेठेपर्यंतचे अंतर पायांनी, घोड्याने, किंवा अमन लॉज स्थानकातून छोट्या गाडीने.

किंवा, पुष्कळ वर्षे, हातरिक्षाने.

मी माथेरानला पहिल्यांदा गेलो तेव्हा दस्तुरीहून चालत निघालो होतो. मागून घंटी वाजली म्हणून बाजूला झालो. एक माणूस रिक्षा ओढीत होता, दोघे मागून लोटीत होते, आणि आत एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. चढ होता. ओढणाऱ्याच्या पायांत साध्या चपला होत्या आणि तांबडी धूळ त्याच्या पोटऱ्यांपर्यंत चढली होती. मला त्या वेळी मनात आलेली गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो : या डोंगरावर धूर नाही म्हणून आपण जो दीर्घ श्वास घेतो आहोत, तो या तिघांच्या छातीतून काढून घेतलेला आहे. मोटारीला बंदी झाली तेव्हा तिचे काम नाहीसे झाले नव्हते. ते माणसाच्या खांद्यावर गेले होते. आधी ते पालखीच्या भोयांकडे होते, मग रिक्षावाल्याकडे आले.

हे रिक्षावाले स्वतःच न्यायालयात गेले. ई-रिक्षा चालविण्याची परवानगी द्या, अशी त्यांची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या मे महिन्यातील आदेशानंतर त्या डिसेंबरात तीन महिन्यांचा प्रयोग झाला. शाळेत जाणारी मुले आणि वृद्ध मंडळी प्रथमच धापा न टाकता ती वाट चालून गेली, नव्हे, बसून गेली. पुढे वाद वाढला. ई-रिक्षा कोणाला द्यावयाच्या? घोड्यांचे काय? चारशेंहून अधिक घोडे आणि त्यांच्यावर पोसलेली घरे यांचे काय? आणि आज वीज वापरणारी रिक्षा आली, तर उद्या तिच्या मागून मोटार येणार नाही कशावरून?

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे, ती सहा महिन्यांत बंद करा, असे न्यायालयाने सांगितले. १९८० साली पंजाबातील सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्यात हेच न्यायालय जे बोलले होते, त्याची आठवण त्याने करून दिली. पंचेचाळीस वर्षे लोटली तरी माथेरानात हे चालूच राहिले, याचा खेद केला. गुजरातेत केवडियास ज्या पद्धतीने ई-रिक्षा स्थानिकांना भाड्याने दिल्या जातात, तशी योजना सरकारने येथे करावी आणि जे ९४ हातरिक्षावाले आहेत त्यांना प्रथम सामावून घ्यावे, असा आदेश दिला. पैसे नाहीत ही सबब ऐकली जाणार नाही, हेही बजावले. त्याच निकालात रस्त्याच्या ठोकळ्यांचाही प्रश्न सुटला : दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ठोकळे बसवावेत, आतल्या वाटांवर आणि रानवाटांवर बसवू नयेत.

या निकालाने दोन्ही बाजूंचे थोडे थोडे लोक नाराज झाले. घोडेवाल्याची भीती खोटी नाही; त्याच्या पोटाशी खेळ होऊ नये. ठोकळ्यांना विरोध करणाऱ्यांचा संशयही अगदीच वेडा नाही. आपल्या देशात सडक एकदा गुळगुळीत झाली की तिच्यावर काय काय येऊन उभे राहते, ते आपण रोज पाहतो. तरीसुद्धा मला हा निकाल रास्त वाटतो. रेघ कोठे ओढली ते त्याने दाखविले, आणि रेघेच्या आत कष्ट कोण करणार, हेही सांगितले. 

हाच प्रश्न डोंगराच्या उतारावरही आहे, आणि तेथे तो अधिक कठीण आहे. माथेरानच्या कुशीत आणि इर्शाळच्या आसपास ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कित्येकींना अजून गाडीरस्ता नाही. आजारी माणसाला झोळी करून खाली आणावे लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ते येथे बसलेल्यांपैकी कोणी विसरलेले नाही. चौकाच्या बाजूने अंधारात, पावसात, तास-दीड तास चढून मदतीची माणसे वर पोचली. यंत्रे वर नेता आली नाहीत, हातांनी माती उपसावी लागली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. तेथे मोटारीला बंदी नव्हती. तेथे वाटच नव्हती. वाट नसणे आणि वाटेवर बंधन असणे या दोन गोष्टींची आपण गल्लत करता कामा नये. वाडीपर्यंत रुग्णवाहिका जाईल इतका रस्ता मागणारा ठाकूर, आणि त्याच्या वरच्या सोंडेवर सुट्टीच्या दिवशी मोटार नाचविणारा हौशी, हे दोघेही चाकच मागतात, एवढ्यावरून त्यांना एका मापाने मोजणे अन्याय होईल.

अधिकार सरकारजवळ आहेत. १९२७ च्या जंगल कायद्याचे सव्विसावे कलम राखीव जंगलात विनापरवाना शिरणे हा गुन्हा ठरविते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे एकशे पंधरावे कलम एखाद्या भागात वाहनांना मनाई करण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. कायदा आहे, पण राखीव रानात शिरलेली बकरी जितक्या तत्परतेने पकडली जाते, तितक्या तत्परतेने तेथे शिरलेली लाखो रुपयांची मोटार पकडली जाते काय? १८८७ च्या अहवालातल्या राबवाल्या शेतकऱ्याला आज उठवून हे विचारले, तर तो काय सांगेल, ते मी बोलून दाखवीत नाही.

समुद्रकिनाऱ्याचीही गोष्ट अशीच आहे. भरती-ओहोटीचे भान न ठेवता पुळणीवर मोटार नेणारे अधूनमधून वाळूत रुततात आणि मग गावच्या लोकांना बैल किंवा ट्रॅक्टर घेऊन धावावे लागते. हसण्यासारखी गोष्ट आहे. पण त्याच वाळूत कोकणच्या काही किनाऱ्यांवर कासविणी अंडी घालतात, आणि चाकाखाली दबलेल्या अंड्यांतून काही निघत नाही.

मॅलेटसाहेब ज्या बाजूने चढले, ती चौकाकडची वन ट्री हिलची वाट अजून आहे. पावसाळा सरल्यावर, आश्विनात, तेथे गवत कमरेइतके असते आणि खाली मोरब्याचे पाणी चमकते. आमच्यातली काही मंडळी यंदा त्या वाटेने वर जाणार आहेत. वाट उभी आहे, दगड सुटे आहेत, वाडीतला माणूस बरोबर घेतलेला बरा; आणि त्याला त्याच्या दिवसाचे पैसे आधीच ठरवून द्यावेत.